वाकून घेतलेलं माप

तळोद्यात मी भाड्याची खोली शोधत होते तेव्हा बाकीच्या घरमालकांनी मला गाव विचारलं, आडनाव विचारलं, लग्नाचं विचारलं, आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर खोली कालच गेली असं सांगितलं. या बाईंनी दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "उंची किती?"

मी सवयीप्रमाणे खरी उंची सांगितली नाही. दोन-तीन इंच खिशात ठेवले.

"खोटं," बाई म्हणाल्या. "चपला काढ. या चौकटीखाली उभी राहा. अशी नाही, ताठ."

मी ताठ उभी राहिले. चौकट माझ्या डोक्याच्या चांगली वर होती. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यापेक्षाही दोन बोटं उंच निघाल्या. एखाद्या बाईशी बोलताना मान वर करावी लागण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"खोली तुझी," त्या म्हणाल्या. "भाड्याचं मागाहून बोलू. बुटक्या बायकांना मी खोली देत नाही. त्यांना इथल्या फडताळातलं काही काढता येत नाही आणि दर वेळी मलाच हाका मारतात."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. ते घर बाईंनी स्वतःच्या मापाने बांधून घेतलं होतं. गवंडी जगाच्या रीतीप्रमाणे ओटा बांधून मोकळा झाला, तो बाईंनी फोडायला लावला. "रोज वाकून भाकरी मी थापणार का तू?" एवढं विचारून त्यांनी तो वर चढवून घेतला. त्यामुळे ओटा असा झाला की शेजारची एखादी बाई परात घेऊन उभी राहिली, तर तिला पिठात काय चाललंय ते दिसायचं नाही. खुंट्या वर, बेसिन वर, आरसा वर. न्हाणीघरातल्या त्या आरशात मी पहिल्या दिवशी तोंड धुताना पाहिलं, तर माझं कपाळ आणि केस जागच्या जागी दिसले. घरच्या आरशात मला नेहमी गळ्यापासून खालची एक बाई दिसायची. वरचं बघायचं तर गुडघ्यात वाकावं लागे.

बाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अख्खं तळोदा त्यांना नुसतं "बाई" म्हणे, दुधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. ते बाईंपेक्षा वीतभर कमी होते. लग्नात फोटोवाल्याने बाईंना गुडघ्यात वाकायला सांगितलं, म्हणाला, लुगड्यात काही दिसत नाही. बाई तयार होईनात, सासू डोळे वटारायला लागली. तेव्हा नवरदेव स्वतः आत गेले, जेवणाचा पाट घेऊन आले आणि त्यावर उभे राहिले. भिंतीवरच्या त्या फोटोत पाट स्पष्ट दिसतो. आल्यागेल्याला फोटो दाखवताना बाई आधी पाटावर बोट ठेवत आणि मग नवऱ्यावर. "असा माणूस असला की संसार अवघड जात नाही," असं म्हणत.

सकाळी गच्चीवर त्यांचा योगाचा वर्ग भरे. समोर सातपुड्याची रांग आणि अलीकडे वीस-पंचवीस बायका, कुणी सलवारीत, कुणी गाऊनवर ओढणी गुंडाळून, एक-दोघी साडीचा काचा मारून. वर्गात बाई अगदी शाळेची मराठी बोलत. "श्वास घ्या. श्वास सोडा. मन शांत." पण शवासनात कुणी घोरायला लागलं की शाळा सुटायची. "काय वं, झोपी गयी का? घर नही शे का तुले?" अशी अहिराणीत हाक यायची आणि सगळ्यांचंच मन एकदम जागं व्हायचं.

बाई स्वतः काळी योगा पँट आणि वर गुडघ्यापर्यंतचा शर्ट घालत, आणि वर्ग सुटला की त्याच कपड्यांत बाजारात जाऊन भाजी घेत. गावाला पहिल्यांदा ते पचलं नाही. म्हातारपणी सुनेचे कपडे घालते, असं एकजण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला. बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मन्हा पाय, नगरपालिकाना रस्ता," त्या म्हणाल्या. "तुम्हनं काय गये?"

त्यानंतर तळोद्यात त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

डोंगरातल्या शाळांवर मुलींना योग शिकवायला त्या जीपने जात. जीपच्या मागच्या बाकावर त्यांचे गुडघे हनुवटीला लागत, म्हणून पुढची, ड्रायव्हरजवळची जागा आपली, असं त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. एकदा एक गृहस्थ त्या जागेवरून उठेनात. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि जीपच्या पुढ्यात, भर स्टँडवर, सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली. लोक जमले. हॉर्न वाजून वाजून थकला. शेवटी ड्रायव्हरच त्या गृहस्थांना हात जोडून म्हणाला, "भाऊ, मांगे बठी जा ना. नही ते आज गाडी निंघत नही."

आता माझं सांगते. मी ब्राह्मणपुरीकडची, गुजर शेतकऱ्याच्या घरची. केळी, ऊस, कापूस, सगळं आहे, काही कमी नाही. जास्त होती ती फक्त माझी उंची. सहा फुटाला जराशी कमी. शाळेत मी कायम शेवटच्या ओळीत, लग्नातल्या फोटोत कायम कडेला, आणि घरात माळ्यावरचं काही काढायचं असलं की कायम मध्यभागी. पाहुणे बघायला यायचे तेव्हा आई चहाचा ट्रे हातात देतानाच कानात सांगायची, की ठेवायचा आणि लगेच बसायचं. बसले की मी सगळ्यांएवढीच. पण कधीतरी उठावंच लागे, आणि मग मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघत. असं होता होता माझ्या पाठीला जो बाक आला तो मला दिसतही नव्हता. बाईंना पहिल्याच दिवशी दिसला.

तळोद्याला मी एका कार्यालयात कॉम्प्युटरवर बसायचे, कंत्राटावर. बाईंच्या गच्चीवर योग शिकले आणि तो मला यायला लागला, चांगला यायला लागला. धडगावच्या रस्त्यावर मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे योगशिक्षिका हवी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रमाणपत्र आणा, जागा तुमची. प्रमाणपत्रासाठी नंदुरबारला प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची होती. मी गेले आणि नापास झाले.

तेही कशात, तर ताडासनात. लहान पोरंही करतात ते आसन. नुसतं सरळ उभं राहून हात वर करायचे आणि चवड्यांवर उठायचं. मी हात वर केले, शर्ट वर गेला. चवड्यांवर उठले, पँट घोट्यापासून पोटरीवर आणि मागून कमरेखाली निघाली. माझा एक हात आपोआप खाली आला आणि पँट धरून राहिला. पुढची सगळी आसनं मी तशीच केली, एक हात आसनाला, एक हात पँटीला. परीक्षक सभ्य होते. "तुमचं लक्ष आसनात नाही," एवढंच म्हणाले.

घरून आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. ते रागावले नाहीत, पण पावसाळ्याआधी अजून एकदा परीक्षा आहे ना, तेवढी दे, म्हणाले. नाहीच झालं तर घरी ये, कार्यालयातलं कंत्राटही संपतंच आहे, एक स्थळ आलंय. मला त्या स्थळाशी वैर नव्हतं. पण पुन्हा तो ट्रे, पुन्हा ते ठेवून लगेच बसणं, या विचारानेच माझे गुडघे दुखायला लागले.

मी बाईंना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा, की त्या म्हणतील, सराव कर. त्या म्हणाल्या, "ती पँट आण बघू."

पँट आणली. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितली, ओढली, उलटी केली, आणि पायपुसण्यासारखी कोपऱ्यात टाकली.

"तू वाकत नाहीस," त्या म्हणाल्या. "तुला तुझे कपडे वाकवतात. बाही तोकडी म्हणून कोपर आत. सलवार तोकडी म्हणून गुडघे ढिले. पँट सरकते म्हणून कंबर पुढे. लहानपणापासून हेच चाललंय. आधी आपण पँट आणू, मग आसनाचं बघू."

आणि बाई कामाला लागल्या.

आधी मोबाइलवरून मागवून झालं. त्यावर पँटी होत्या, खूप होत्या, पण सगळ्या कंपन्यांची समजूत एकच. लांबी हवी असेल तर एक नंबर मोठा घ्या. मोठा घेतला की पाय पुरायचे, पण कमरेत आम्ही दोघी मावू अशी पँट यायची आणि मांड्यांमधला जोड गुडघ्यापर्यंत लोंबायचा. बाई तिला आत दोरी ओवून बघत, मग परत पाठवत. पार्सलवाला आमच्या दारात आला की पिशवी देतानाच विचारायला लागला, "हाई ठेवनी शे का परत लई जाऊ?"

"यांना वाटतं लांब म्हणजे मोठं," बाई म्हणायच्या. "अरे, भेंडी लांब असते, भोपळा मोठा असतो. भेंडीला भोपळ्याच्या पिशवीत कशाला घालता?"

पुरुषांच्या पँटी बघितल्या. त्या लांबीला बरोबर होत्या, पण मांड्यांशी आल्यावर त्यांना आपण बाईच्या अंगावर आहोत हे पटत नव्हतं. मग बाई म्हणाल्या, सुरत.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता असो की पडद्याचं कापड, शेवटी माणूस नंदुरबारहून गाडीत बसतो आणि सुरतेला जातो. सुरतेत मिळालं नाही तर ते जगात नाही, अशी आमची समजूत आहे. आम्ही गेलो. एका मोठ्या दुकानात पोरगेल्या विक्रेत्याने आमच्यापुढे पँटींचा ढीग ओतला आणि बाईंच्या उंचीकडे न बघता म्हणाला, "बेन, फ्री साइझ छे. बधाने आवी जाय."

बाईंना हा शब्द फार दिवसांपासून कुणाच्या तरी तोंडून समोरासमोर ऐकायचा होता. "बधाने?" त्या म्हणाल्या. "मने नथी आवती. एटले हुं बधामां नथी?" सगळ्यांना येते आणि मला येत नाही, म्हणजे मी सगळ्यांत नाही का?

विक्रेता हसला. ती त्याची चूक. बाईंनी त्यातली सगळ्यात लांब पँट घेतली, आत जाऊन घालून आल्या, शर्ट पोटाशी गच्च बांधला आणि दुकानाच्या मधोमध पादहस्तासन केलं. साठी उलटलेली ती उंच बाई एकदम मधून दुमडली आणि तिचं कपाळ गुडघ्यांना टेकलं. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी हातातली कापडं खाली ठेवली.

"आता मागून बघा," गुडघ्यांच्या मधून बाईंचा आवाज आला. "कमर कुठे गेली बघा. उभ्या माणसाला साडीसुद्धा पुरते. योग काय फोटोला उभं राहण्यासाठी आहे? वाकल्यावर माणूस मागून लांब होतो आणि पुढून आखूड होतो. तुमची पँट दोन्हीकडून सारखी. कसं चालेल?"

विक्रेता छताकडे बघत होता. गादीवरचे शेठ धावत आले. "बा, ऊभा थई जाव. पहेला ऊभा थई जाव," ते म्हणाले. बाई उठल्या नाहीत. आतल्या बाजूला कापडाचे तागे असतील ते दाखवतो असं शेठनी कबूल केल्यावरच त्या उठल्या, आणि उठताना श्वास घ्यायला विसरल्या नाहीत.

तिथे आम्हाला कापड मिळालं. पोहण्याच्या पोशाखाला वापरतात ते, मऊ, दाट, एका बाजूने भरपूर ताणणारं आणि दुसऱ्या बाजूने बेताचं. रंग एकच शिल्लक होता, वांग्याचा. "आपल्या भागाला शोभतो," बाई म्हणाल्या.

आता माप. बाईंची माप घ्यायची पद्धत त्यांची स्वतःची. त्यांनी मला गच्चीवर पादहस्तासनात उभं केलं आणि तशाच अवस्थेत कमरेपासून टाचेपर्यंत मागून एक आणि पुढून एक, अशी टेप लावली. मग मालासनात बसवून पुन्हा तेच. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू काम सोडून बघत होत्या. माझं माप अशा रीतीने वाकून, बसून आणि एकदा उलटं होऊनही घेतलं गेलं. उभ्याने शेवटी घेतलं, आणि तेही बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही.

शिवायला बाजारातले मास्तर. ते शाळेचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट शिवत. कापड हातात घेऊन ते घाबरले. "मी असं कापड कधी कापेल नही, बाई."

"आते कापा," बाई म्हणाल्या. "मी शे ना आठे उभी."

आणि इथे बाईंनी चूक केली. चूक त्यांच्यासारख्या उंच बाईनेच करावी अशी होती. जन्मभर त्यांना प्रत्येक कपडा लांबीला कमी पडला होता. साहजिकच त्यांनी फर्मावलं की कापडाचा ताण लांबीच्या दिशेने टाका. उभा. मास्तरांनी एकदा विचारलं, आडवा टाकू का? बाईंनी नुसतं बघितलं. ताण उभा पडला.

पँट सुरेख झाली. मी घालून गच्चीवर गेले तेव्हा घोट्याच्या खाली, अगदी पावलापर्यंत. मला रडू येईल की काय असं झालं. वर्ग सुरू झाला. प्रत्येक आसनागणिक पँट लांब होत गेली. गुडघ्यांना पोटं आली, कडा टाचेखाली गेल्या. अर्ध्या वर्गात मी ती दोनदा दुमडली. आणि रुंदीला मात्र ती जराही हलायला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, "मालासन." मी उकिडवी बसले आणि टर्रकन आवाज झाला. शवासनात नसूनही सगळ्या बायकांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा चांगुलपणा.

मी पळत खोलीत गेले आणि दार लावून रडले. परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्याकडे एक फाटकी वांगी रंगाची पँट होती. मला वाटलं, पुरे झालं. आबांना फोन करावा, येते म्हणून सांगावं. दाराबाहेर बाई आल्या. त्या समजूत वगैरे घालत नसत. "रडून झालं की ती पँट बाहेर टाक," म्हणाल्या. "मला उसवायची आहे."

मास्तरांकडे गेलो तेव्हा ते बिचारे आधीच सांगायला लागले, "उभं कापा म्हणीसन तुम्हीच सांगेल व्हतं."

"मी सांगं ते बराबर व्हतं," बाई म्हणाल्या. "कापडले समजनं नही."

पण या वेळी उसवलेली पँट नमुन्याला ठेवून उरलेल्या कापडातून नवी बेतली, आणि ताण आडवा पडला. बाईंना आयुष्यात आपलं काही चुकलं असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी मास्तरांना चहा पाजला, आणि त्यात सगळं आलं. त्यांचं वाकून घेतलेलं माप मात्र तसंच ठेवलं, कारण ते खरंच बरोबर होतं. मागची कंबर पुढच्यापेक्षा चार बोटं उंच. पट्टा रुंद, दुहेरी, बेंबीच्या वर. आणि मांड्यांच्या जोडात, ज्याला शिंपी लोक आसन म्हणतात तिथे, पतंगाच्या आकाराचा एक वेगळा तुकडा. वांगी कापड संपलं होतं म्हणून तो तुकडा बाईंच्या जुन्या पँटीतला, काळा.

या वेळी बाईंनी मला वर्गात नेलं नाही. आम्ही दोघीच गच्चीवर होतो. त्यांनी मला ताडासन, पादहस्तासन, मालासन, सर्वांगासन, सगळं करायला लावलं आणि स्वतः माझ्याभोवती फिरत राहिल्या. पँट जागची हलली नाही. मी दोन्ही हात वर करून उभी होते आणि माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मला दोन हात आहेत.

परीक्षेच्या दिवशी नंदुरबारला ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. परीक्षा एका जुन्या इमारतीच्या खोलीत. छत बेताचं, आणि मधोमध लांब दांडीचा पंखा, परीक्षार्थींना वारा लागावा म्हणून चटई बरोबर त्याच्याखाली. सोबत आलेल्यांना व्हरांड्यात बसायचं होतं. बाई बसल्या नाहीत. खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या, आणि त्या उंचावरच्या खिडकीत व्हरांड्यातल्या सगळ्यांमधून त्यांचाच तेवढा चेहरा दिसत होता.

परीक्षक तेच, मागच्या वेळचे. शेजारी एक मॅडम. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना आठवलं असणार. "ताडासन," ते म्हणाले.

मी पाय जुळवले, श्वास घेतला, बोटं गुंफली आणि हात वर नेले. पँट जिथे होती तिथेच राहिली. मी टाचा उचलायला लागले तसा बोटांवर पंख्याचा वारा जोरात यायला लागला. अजून थोडं वर, आणि...

"अहो, थांबा, थांबा!" परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले. "हात लागेल पंख्याला. जरा गुडघ्यात वाका. थोडंसंच. चालेल आम्हाला."

ते चांगल्या मनानेच म्हणाले. मला आयुष्यभर जे जे लोक वाकायला म्हणाले ते सगळे चांगल्या मनानेच म्हणाले होते. माझे गुडघे ढिले पडायला लागलेसुद्धा, त्यांना सवयच होती. मी खिडकीकडे बघितलं. आता बाई बोलणार. आता अहिराणीत असं काही बोलणार की परीक्षकांना नंदुरबार सोडून जावंसं वाटेल. मी वाट बघितली. बाई गज धरून माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या नाहीत.

मी गुडघे सरळ केले.

"सर, मी वाकणार नाही," मी म्हटलं. हात वरच होते. "पंखा बंद करा."

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू यायला वेळ लागला. परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसल्या आणि दारातल्या शिपायाला म्हणाल्या, "बंद कर रे." पंखा हळूहळू थांबला. मी पूर्ण वर गेले, चवड्यांवर, बोटांच्या टोकापर्यंत, आणि तिथे राहिले. मग पादहस्तासन, मग बाकीचं सगळं. माझं होईपर्यंत पंखा बंदच होता. परीक्षक रुमालाने मान पुसत होते, मॅडम कागदाने वारा घेत होत्या, आणि मी त्या उकाड्यात माझ्या दोन्ही हातांनी आसनं करत होते.

निकाल तिथेच दुपारी सांगितला. मी पास झाले. पहिला फोन आबांना केला आणि सांगितलं, त्या स्थळाला नाही म्हणून कळवा. आबा म्हणाले, बरं. मग विचारलं, शाळेत जेवायला काय देतात? म्हणजे त्यांना पटलं होतं.

बाईंनी पास झालीस का म्हणून विचारलंच नाही. व्हरांड्यात सगळ्यांदेखत मला भिंतीकडे तोंड करून वाकायला लावलं, मागून कंबर तपासली आणि "सरकनी नही" एवढं म्हणून चालायला लागल्या. परतीच्या एसटीत आम्ही अगदी पुढच्या बाकावर बसलो, पाय लांब करून. मला राहवेना.

"बाई, तुम्ही खिडकीतून काहीच का बोलला नाहीत? मला वाटलं, तुम्ही बोलाल."

बाईंनी पाय आणखी लांब केले. मग वर्गात बोलत तशा, शाळेच्या मराठीत, सावकाश म्हणाल्या, "मी बोलले असते, तर तो पंखा माझ्यासाठी बंद झाला असता."